योसेफाचे वाक्य



मागच्या वर्षी मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातील आम्ही ३८ जण पोर्तुगालची नऊ दिवसांची सहल करून आलो. परत आल्यावर पत्रिकेत सहलीचे वर्णन यावे असा अनेकांचा आग्रह होता. मी फातिमाचे दोन फोटो आणि चार ओळी देऊन सुटका करून घेतली. खरे सांगायचे तर त्या सहलीत एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मला देता आले नव्हते. ते मनात तसेच ठेवून प्रवासवर्णन लिहिणे मला जमेना. आता थोडेफार उत्तर सापडले आहे असे वाटते, म्हणून लिहितो. ज्यांना वर्णन हवे आहे त्यांना तेही अधूनमधून मिळेल.

लिस्बनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी आमची आडनावे वाचून गोंधळला. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले. साडी नेसलेल्या आजी, आपसात मराठी बोलणारे आजोबा, आणि आडनावे त्याच्या शेजारपाजारची! तो हसला आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला. आम्हीही हसलो. दोन्ही बाजूंना एकमेकांचे काहीच कळले नाही. पुढे हॉटेलात खोलीची ‘चावी’ मागताना आणि सकाळी ‘पाव’ घेताना आपल्या तोंडात त्यांचे शब्द किती आहेत, हे कळून बायकांना मोठी गंमत वाटली. साबण, पगार, बटाटा, घमेले, फीत अशी यादी बसमध्ये दोन दिवस वाढत राहिली.

आमची गाईड पन्नाशीची, बोलकी आणि अभ्यासू होती. हातातली पिवळी छत्री उंच धरून ती पुढे चालायची आणि आम्ही मेंढरांसारखे मागे. (मेंढपाळाला मेंढरू होण्याची सवय नसते, हे मला त्या नऊ दिवसांत कळले.) प्रत्येक ठिकाणी वेळ ठरलेली. पाऊण तास मठ, वीस मिनिटे फोटो, दहा मिनिटे स्वच्छतागृह.

पहिल्या दिवशी आम्ही बेलेमला गेलो. तेजू नदीच्या काठावर जेरोनिमोसचा मठ आहे. राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या आरंभी तो बांधायला घेतला. पांढऱ्या दगडात कोरलेले जहाजांचे दोरखंड, समुद्रातल्या वनस्पती, नाना आकृत्या पाहताना मान दुखायला लागते, तरी खाली पाहवत नाही. आत शिरताच वास्को द गामाची कबर आहे. नदीकाठी थोडे पुढे शोधयात्रांचे स्मारक आहे. आज दिसते ते १९६० सालचे, ५२ मीटर उंच. त्यावर खलाशी, राजे, नकाशे काढणारे यांच्याबरोबर आपले संत फ्रान्सिस झेवियरही उभे आहेत. १५४१ साली याच शहरातून ते हिंदुस्थानला निघाले. स्मारकासमोरच्या जमिनीवर दगडात जगाचा नकाशा आहे आणि कुठल्या साली पोर्तुगीज कुठे पोहोचले ते त्यात लिहिले आहे. आमच्या मंडळींनी अर्थातच हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उभे राहून फोटो काढले.

मठाचा खर्च मसाल्याच्या व्यापारातून झाला, असे गाईडने सांगितले. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर सुमारे पाच टक्के कर होता, त्यातून. ते ऐकून आमच्यातल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि अजूनही कुणालाही उभे करून प्रश्न विचारू शकतात. हळू आवाजात म्हणाल्या, “फादर, म्हणजे हे आपल्याकडच्या पैशाने बांधलेले. मग इथे गुडघे टेकायचे की नाहीत?”

मी इतिहासाच्या बारकाव्यात शिरलो. पायाभरणी झाली तेव्हा वसई त्यांच्या ताब्यात नव्हती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ती दिली, वगैरे. बाईंनी ऐकून घेतले आणि गुडघे टेकले. पण त्यांचे समाधान झाले नव्हते, हे त्यांच्या पाठीवरूनही दिसत होते.

त्या संध्याकाळी हा विषय बसमध्ये निघाला. आमच्याबरोबर केळीची बागायत केलेले एक नाना होते. ते म्हणाले, “काही म्हणा बाई, ते आले नसते तर आपल्याला ख्रिस्त कुणी दिला असता? मला तर इथे माहेरी आल्यासारखे वाटते.” बाई म्हणाल्या, “नाना, माहेरचे लोक आपले देऊळ फोडून आहेर करत नाहीत. बोरिवलीचे मंडपेश्वर पाहिलेत ना? शंकराचे लेणे होते, त्याचे चर्च केले.” नाना चिडले. कुणी गोव्यातल्या इन्क्विझिशनचे नाव काढले, कुणी चिमाजी आप्पांचे. आवाज चढू लागले तसा मी माइक हातात घेतला आणि रोजरी सुरू केली. वाद मिटवण्याचा आम्हा धर्मगुरूंचा हा जुना उपाय आहे. त्या दिवशी मात्र माझी मलाच लाज वाटली. मी प्रार्थना करत नव्हतो, गप्प बसवत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर मोकळा होता. बाईंनी गाईडला विचारले, “कार्यक्रमात नसलेले काही दाखवाल का?” गाईड क्षणभर थांबली आणि आम्हा आठ-दहा जणांना सेंट डॉमिनिकच्या चर्चकडे घेऊन गेली. १९५९ साली हे चर्च आगीत सापडले. आतल्या दगडी खांबांचे आगीत उडालेले टवके तसेच ठेवले आहेत. १५०६ च्या ईस्टरनंतर याच चर्चमध्ये लोकांना क्रुसावर प्रकाश दिसला आणि चमत्कार झाला म्हणून गर्दी उसळली. यहुदी धर्मातून सक्तीने ख्रिस्ती झालेला एक माणूस म्हणाला की तो मेणबत्तीचा उजेड असावा. त्याला ओढून बाहेर काढले आणि मारले. मग तीन दिवस शहरात अशा ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांची कत्तल चालली. मेलेले दोन हजारांच्या आसपास होते असे धरतात, काही जण अधिक सांगतात. चिथावणी देणाऱ्यांत दोन धर्मबंधू होते. राजाने पुढे त्यांना देहदंड दिला. समोरच्या चौकात २००८ साली या मृतांचे स्मारक उभारले गेले. त्याच चौकात संध्याकाळी आफ्रिकेतून आलेले लोक गप्पा मारत बसतात. नाना आमच्यात होते. स्मारकापाशी त्यांनी टोपी काढली आणि परत येईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

एव्होराविषयी थोडक्यात सांगतो. तिथे संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये हजारो माणसांच्या हाडांनी भिंती मढवलेले एक प्रार्थनागृह आहे. काहींना तिथे भीती वाटली, काहींनी सेल्फी काढले. मला स्वतःला तिथे फारसे काही वाटले नाही. मरणाची आठवण करून द्यायला इतकी हाडे लागत नाहीत.

तिथून आम्ही दक्षिणेला आल्गार्व प्रांतात, लागोश या बंदराच्या गावी गेलो. ऊन लख्ख, समुद्र निळा, किनाऱ्यावर पिवळ्या कड्यांच्या कमानी. चौकात राजपुत्र हेन्रीचा पुतळा आहे, एका बाजूला सेंट मेरीचे चर्च आहे आणि जवळच ‘गुलामांचा बाजार’ म्हणून ओळखली जाणारी एक इमारत आहे. ती पुढच्या काळातली आहे. आता तिथे छोटे संग्रहालय आहे. ८ ऑगस्ट १४४४ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसे या गावाच्या वेशीबाहेर आणून त्यांचे वाटे घातले गेले. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. पाचवा हिस्सा त्याचा होता.

हे आपल्याला कळते ते गोमेश एआनेश द झुरारा या दरबारी इतिहासकारामुळे. हा माणूस दगडाच्या काळजाचा नव्हता. वाटे सारखे व्हावेत म्हणून बापापासून मुलगा, नवऱ्यापासून बायको वेगळी केली गेली. आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडल्या, मार खाल्ला पण मुले सोडली नाहीत, हे सगळे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याला रडू आले हेही त्याने लिहिले आहे. आणि मग त्याने स्वतःची समजूत घातली आहे की, यांची शरीरे गुलाम झाली तरी आत्मे तरतील. आणखी एक नोंद त्याच्या बखरीत आहे. वाटणी होण्याआधी त्या माणसांपैकी एक उत्तम माणूस गावच्या चर्चला अर्पण म्हणून दिला गेला आणि एक लहान मुलगा सेंट व्हिन्सेंटच्या भूशिरावरच्या मठात पाठवला गेला. तो मुलगा पुढे फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला आणि ख्रिस्ती म्हणूनच जगला.

गाईडने हे सांगितले तेव्हा आम्ही चर्चच्या सावलीत उभे होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तरी काहीतरी बोलले पाहिजे. मी म्हणालो, “बाई, देव वाइटातूनही चांगले घडवून आणतो.”

बाई म्हणाल्या, “फादर, हे तुम्ही म्हणताय की तो मुलगा म्हणतोय?”

हाच तो प्रश्न. बस निघायची वेळ झाली होती, पिवळी छत्री वर झाली होती. मी पाण्याची बाटली उघडली आणि चालू लागलो.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. संत ऑगस्टीनने लिहिले आहे की, वाईट होऊच न देण्यापेक्षा वाइटातून चांगले काढणे देवाला अधिक योग्य वाटले. संत पौल रोमकरांस लिहिताना बजावतो की, चांगले व्हावे म्हणून वाईट करू असे म्हणणाऱ्यांचा निवाडा योग्यच आहे. दोन्ही वाक्ये मला परीक्षेत विचारली गेली होती आणि दोन्हींना मी चांगले गुण मिळवले होते. पण हे वाक्य कुणाच्या तोंडी शोभते, हा प्रश्न मला कुठल्याच परीक्षेत आला नव्हता.

उत्तर मला गेल्या उपवासकाळात उत्पत्तीचे पुस्तक वाचताना मिळाले. योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकले. ज्या तांड्याला विकले, त्याचे उंट मसाल्याचे आणि सुगंधी पदार्थ घेऊन इजिप्तकडे चालले होते. मसाला आणि गुलाम एकाच तांड्यात! हे मी कितीतरी वेळा वाचले होते, पण बेलेम आणि लागोश पाहून आल्यावर ते पहिल्यांदा दिसले. पुढे योसेफ मोठा अधिकारी झाला, दुष्काळ पडला, तेच भाऊ धान्य मागायला आले. आणि शेवटच्या अध्यायात योसेफ त्यांना म्हणतो की, तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले.

हे वाक्य कोण म्हणतो ते पाहा. योसेफ म्हणतो. भावांनी ते म्हटले असते तर? “दादा, आम्ही विकले म्हणून तर तू इथवर आलास,” असे त्यांनी म्हटले असते तर त्या वाक्यासारखे निर्लज्ज वाक्य बायबलमध्ये दुसरे नसते. शब्द जवळजवळ तेच, सत्यही जवळजवळ तेच. पण विकलेल्याच्या तोंडी ते श्रद्धा आहे आणि विकणाऱ्याच्या तोंडी ती पळवाट आहे. झुराराने योसेफाचे वाक्य भावांच्या वतीने म्हटले. चर्चच्या सावलीत उभा राहून मीही तेच केले.

आणखी एक. योसेफ स्वतः जेव्हा भावांना ओळख देतो, तेव्हा आधी म्हणतो की, तुम्ही ज्याला विकले तो तुमचा भाऊ योसेफ मी. देवाने मला पाठवले हे त्यानंतर. ‘विकले’ हा शब्द तो गाळत नाही. क्षमा करतो, धान्य देतो, गळ्यात पडून रडतो, पण विकल्याबद्दल आभार मानत नाही.

नाना, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचे म्हणणे मी खोडत नाही. तुम्ही देवाचे उपकार मानता ते योग्यच आहे. आपण त्या व्यवहारात योसेफाच्या बाजूचे आहोत आणि ते वाक्य म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. १७३९ साली पोर्तुगीज गेले, किल्ल्यातल्या चर्चची छपरे पडली, तरी आपल्या वाडवडिलांनी मराठ्यांच्या राज्यात श्रद्धा टिकवली. ती नुसती राज्यकर्त्यांची मर्जी असती तर त्यांच्याच जहाजातून परत गेली असती. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मरण पावले, ते कुणा राजाच्या धाकाने नव्हे. पण म्हणून मंडपेश्वराचे नाव काढल्यावर आपल्याला राग का यावा? मिळालेल्या देणगीसाठी देवाचे आभार मानताना आणणाऱ्याचे हात स्वच्छ होते असे सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी कुणाला ‘तुम्ही पोर्तुगिजांचे’ असे हिणवले की आपण एकतर चिडतो नाहीतर त्यांचा बचाव करत सुटतो. बचाव करणे हे आपले काम नाही.

ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना जिंकून कायमचे दास करण्याची परवानगी देणारे पत्र दिले होते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे सेनेगलच्या गोरे बेटावर, जिथून गुलाम पाठवले जात तिथे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. २००० सालच्या उपवासकाळात त्यांनी सेंट पीटर्समध्ये ख्रिस्ती लोकांच्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली. २०२३ साली व्हॅटिकनने त्या जुन्या पत्रांवर उभारलेली ‘शोधाचा हक्क’ ही कल्पना नाकारली. पाचशे सत्तर वर्षे लागली. उशीर झाला हे खरे, पण हे भावांनी बोलायचे वाक्य आहे, हे तरी ओळखले.

आणि आपण नेहमीच योसेफ असतो का? आपल्या काही घरांत जव्हार-मोखाड्याकडची एखादी मुलगी कामाला असते. शाळा सोडून आलेली. तिच्याविषयी विचारले की उत्तर तयार असते: “आमच्याकडे आली म्हणून चार घास नीट खाते फादर, नाहीतर तिकडे काय होते तिचे?” हे मी घरभेटीत अनेकदा ऐकले आहे आणि चहा पीत मान डोलावली आहे. कदाचित ती मुलगी पुढे खरोखरच शिकेल, सुखी होईल आणि एक दिवस स्वतः म्हणेल की, देवाने चांगले केले. ते तिला म्हणू द्यावे. आपण तिचा पगार आणि तिची शाळा बघावी.

फातिमाचे राहिले. लागोशनंतर आम्ही उत्तरेकडे निघालो. तेरा मे जवळ आला होता. रस्त्याच्या कडेने चमकते जाकीट घातलेले यात्रेकरू पायी चालले होते. कुणी लंगडत होते, कुणी काठीवर भार टाकत होते. आमच्या वातानुकूलित बसने त्यांना एकामागून एक मागे टाकले. फातिमाला आम्हाला दोन तास होते. त्यांच्यापैकी कितीजण पोहोचले असतील तेव्हा आम्ही कोइंब्राच्या हॉटेलात जेवत होतो. फातिमाच्या पटांगणात गुडघ्यांवर चालणाऱ्या लोकांच्या मागे बाई चपला काढून उभ्या राहिल्या होत्या. काय मागितले ते मी विचारले नाही.

गेल्या आठवड्यात बाई धर्मग्रामाच्या कार्यालयात आल्या होत्या. मिस्साचा उद्देश नोंदवायचा होता. मी तेव्हा आत होतो, बोलणे ऐकू येत होते. तारीख ८ ऑगस्ट, सकाळची साडेसहाची मिस्सा. कारकुनाने विचारले, “कुणासाठी?” बाई म्हणाल्या, “लागोशला विकलेला एक मुलगा आणि त्याची आई.” त्याने नावे विचारली. नावे माहीत नाहीत म्हणाल्या. वहीत नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तो मला विचारायला आत आला. मी त्याला म्हणालो, त्यांनी सांगितले तसेच लिही.